लाइनीतला डबा

हे खरं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण गुणाबाईसमोर हसू नका.

साल १९८४. कोरपन्याकडचं गाव. आणि वेळ रात्रीबित्रीची नाही, भर दुपारची. तीन वाजताची.

गुणाबाई आणि तिचा नवरा लटारू यांनी बंद पडलेली पिठाची चक्की घर करायला घेतली. यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं. त्या जागी चूल मांडली, भिंतींना चुना दिला. उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःचं छप्पर! गुणाबाईचे पाय जमिनीवर नव्हते.

झाडताना भिंतीलगत एक डबा निघाला. ज्वारीने भरलेला. तिने ज्वारी कोंबड्यांना टाकली.

शेजारच्या केसरबाईने कपाळाला हात लावला. "दळणाच्या लाइनीतला डबा व तो! बाया डबा ठेवून घरी जात, पन त्याचा नंबर कोनी मोडत नसे. तू मोडला."

"बाईच नाई, तं नंबर कोनाचा?" गुणाबाई हसली.

दुसऱ्या दिवशी, तीन वाजता...

फट्... फट्... फट्...

चक्कीचा पट्टा. पण चक्की होती कुठे?

आणि डब्याच्या जागेवर सासूची पानाची चंची!

"म्या नाई ठेवली, माय," सासू गिरजाबाई म्हणाली.

चौथ्या दिवशी, तीन वाजता, चहा पिता पिता गिरजाबाई गेली. कप हातातच.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई झाडायला वाकली.

त्याच जागेवर तिच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, सीताच्या चपला. तोंड चुलीकडे.

"घर सोडू," ती लटारूला म्हणाली.

"येडी झाली का व? सारं यातच टाकलं. कुठी जाचं?"

मग तिने तोच डबा ज्वारीने भरला, चपलांच्या पुढे ठेवला, हात जोडले. "ज्याचा नंबर त्याले देतो. माह्या लेकीले सोडा."

तीन वाजले.

फट्... फट्... फट्...

थांबलं.

तिने झाकण उघडलं. आत पीठ होतं... गरम.

गुणाबाईचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच. डब्याचं दळण झालं होतं.

आता पहिला नंबर चपलांचा होता.

संध्याकाळच्या एसटीने तिघं निघाले. सीता कडेवर, अनवाणी. चपलांना हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

सीता आज सासरी सुखात आहे. पण तीन वाजले की गुणाबाई हातातलं काम टाकून तिला फोन लावते. आवाज ऐकला की मगच घोटभर पाणी पिते.

ते घर पुन्हा कुणी घेतलं नाही. चपला अजून लाइनीत असतील.