मिठाचा आळ

"ताई, मला हाकलून द्यायचं तर मागाहून द्या... पण आधी त्यांना थांबवा!"

दारात भावजय उभी होती. सहा वर्षांत जिने या उंबरठ्याला पाय लावला नव्हता, थोरली समोरून येताना दिसली की जी मान फिरवून वाट बदलत होती, ती आज अनवाणी धावत आली होती आणि तिला धड श्वासही घेता येत नव्हता. थोरलीच्या हातात रोपांचा ट्रे होता. तो तिने खाली ठेवला की हातातून सुटला, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"काय झालं? धाकटा बरा आहे ना?"

"बॅग भरतायत. म्हणतात, शहरात कुठल्यातरी गोदामावर पहारा करीन, पण या जमिनीचं तोंड पुन्हा बघणार नाही! ती माती तपासणारी बाई सकाळपासून शेतात खड्डे पाडतेय, तिचं ऐकून घ्यायलाही थांबत नाहीत. माझं तर कानावरच घेत नाहीत... तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! एरवी थोरलीला हसूच आलं असतं. पण धाकटा चालला, एवढे दोनच शब्द तिच्या काळजात रुतले होते, आणि चप्पल शोधायचंही भान तिला राहिलं नाही.

आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ आठ. ठरलेलं लग्न तिने मोडलं, त्याला वाढवलं, त्याचा संसार मांडून दिला, आणि वाटण्या झाल्या तेव्हा मोठं सलग शेत त्याच्या नावावर करून ओढ्याकाठचा खडकाळ, सखल तुकडा हसत हसत स्वतःकडे ठेवला. घरोघरचा पालापाचोळा, भाजीचे देठ, गोठ्यातलं शेण, जे जे लोक फेकून देत ते ते हातगाडीवर आणून तिने त्या तुकड्यात गाडलं. लोकांनी तिचं नाव कचराताई पाडलं. नाव ठेवायला कुणाला काय लागतं! तीही त्या हाकेला ओ देऊ लागली. आणि पंधरा वर्षांनी तिथे अशी माती झाली की हात खुपसला तर कोपरापर्यंत आत जावा. त्या मातीतली रोपं विकून तिचं पोट चालत होतं. त्याहून खरं सांगायचं तर, जगात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

धाकट्याला मात्र पाण्याचं वेड. पीक जरा मलूल दिसलं की पंप सुरू! "अरे, किती पाजशील? जमिनीलाही श्वास लागतो," असं ती सांगायची, आणि एके दिवशी त्याने ताडकन उत्तर दिलं, "तुला माझं हिरवं बघवत नाही!" ते हिरवंही फार दिवस टिकलं नाही. शेताच्या उताराला, नेमका थोरलीच्या बांधाला लागून, मातीवर पांढरा थर फुटू लागला. आणि एका पहाटे भावजयीने पाहिलं... नणंद पोतं घेऊन त्यांच्या शेतात शिरली आहे आणि ओंजळी भरभरून पांढरी भुकटी फेकते आहे!

"मीठ टाकते ही आपल्या शेतात!"

"मीठ नाही रे, जिप्सम आहे. खारवलेल्या मातीचं औषध..."

"पांढऱ्यावर पांढरं औषध!" भावजय छद्मी हसली होती. धाकट्याने एवढंच विचारलं, "मग चोरून का टाकत होतीस?" विचारलं असतं तर तू टाकू दिलं नसतंस... हे उत्तर तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच विरलं. त्याने पाठ फिरवली. ज्याला तिने घास भरवून मोठं केलं, त्याने तिला भावाची माती मारणारी ठरवलं! त्यानंतर सहा वर्षं त्याने तिला हाक मारली नाही, आणि तिनेही बांध ओलांडला नाही.

आज ओलांडला. थोडं पुढे गेल्यावर पायाखालची माती दगडासारखी टणक लागली. पूर्वी कमरेएवढं पीक डोलायचं तिथे आता पांढुरक्या चकत्या आणि मेलेली खोडं! धाकटा बॅग घेऊन अंगणात उतरला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तिला पाहून तो थबकला.

"जरा इकडे या हो सगळे!" तपासनीस बाईने शेतातून हाक दिली.

तिच्यापुढे पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या बरण्या होत्या. "हे शेताच्या मधलं ढेकूळ," असं म्हणून तिने एक खडा पहिल्या बरणीत सोडला. बघता बघता तो विरघळला आणि पाण्याचा गढूळ काला झाला. "आणि हे त्या बांधाकडच्या पट्ट्यातलं." दुसरा खडा तळाशी जाऊन बसला. पाणी नितळच राहिलं. "इतक्या मोठ्या शेतात तेवढाच पट्टा जिवंत आहे. तिथे कुणी जिप्सम टाकलं होतं?"

भावजय मटकन खाली बसली.

"मग मीठ... मीठ आलं कुठून?" धाकट्याने विचारलं.

"खालून. पाणी फार झालं, ते खोलातले क्षार घेऊन वर चढलं. दीड हातावर पाणी लागलंय मला. तुम्हाला जमीन तहानलेली वाटली असेल, पण ती बुडत होती."

बॅग त्याच्या हातातून गळून पडली. "ताई!" तो कसाबसा म्हणाला, "तू तेव्हा मला थोबाडायला हवं होतंस गं..."

थोरलीने त्याला जवळ ओढलं. अश्रूंचा बांध फुटला तो दोघांचाही! पण तपासनीस बाईचं बोलणं संपलं नव्हतं. जमिनीखाली भोकं पाडलेल्या नळ्या घालून खारं पाणी बाहेर काढावं लागेल, ती सांगत होती, तरच हे शेत वाचेल. ओढ्यात ते सोडता येणार नाही, खालची वस्ती त्याचंच पाणी पिते. सगळ्यात सखल जागी मोठं तळं खोदायचं, पाणी तिथे साठवून उन्हात आटवायचं. "आणि सखल जागा..." ती अडखळली.

सगळ्यांच्या नजरा थोरलीच्या हिरव्यागार तुकड्याकडे गेल्या.

"नाही!" धाकटा ओरडला. "जळू दे माझं शेत! एकदा तुझ्यावर आळ घेतला, आता तुझ्या मातीत खरंच मीठ ओतू? मी माणूस आहे की कोण?"

खोटं कशाला बोला, त्या क्षणी थोरलीला पळून जावंसं वाटलं. या वयात पुन्हा कुठे कचरा वाहायचा, पुन्हा कोणती पंधरा वर्षं आणायची? तिचं सगळं आयुष्य त्या एकरभर काळ्या मातीत मुरलं होतं...

"तू गोदामावर पहारा करशील, आणि मी तिथे कोबीची रोपं लावत बसू?" ती शेवटी म्हणाली. "कधी खोदायचं ते सांगा, बाई."

"ताई, नका हो!" भावजयीने तिचे पाय घट्ट धरले. "मला शिक्षा करा... पण अशी नको!"

"ऊठ. शिक्षा करायला मला वेळ नाही. रोपं हलवायचीत, हात लाव."

आठ दिवसांनी तळं खोदायचं यंत्र आलं. ताईच्या तुकड्यातली वरची टीचभर माती धाकट्याने कुणाला उचलू दिली नाही. पाटीपाटीने स्वतः वाहून त्याने ती शेताच्या माथ्यावर ताईसाठी पसरली. पण चार बोटांच्या वर थर झाला नाही, आणि खालची टणक जमीन त्यातला ओलावा टिकू देईना. निम्मी रोपं तिथे माना टाकून गेली.

नळीतून पहिलं पाणी तळ्यात पडलं तेव्हा थोरलीने ओंजळभर घेऊन जिभेला लावलं. खारट! "बघ रे, किती निघतंय!" ती ओरडली. धाकट्याला मात्र वर बघवेना.

महिन्याभरात तळ्याचा काठ पांढराफटक पडला. रस्त्याने जाणारा एक शेजारी थबकला. "अहो कचराताई, हे मीठ कुणी टाकलं तुमच्या जागेत?"

थोरली काही बोलायच्या आधी भावजय पुढे झाली. "आम्ही टाकलं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आमचं मीठ आहे ते. त्यांनी घेतलं."

शेजारी खांदे उडवून गेला. भावजय घराकडे वळली. थोरली तळ्याच्या काठाशी बसली आणि इतके दिवस धीराने सगळ्यांना कामाला लावणारी ती बाई, गुडघ्यांत तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागली... भावासाठी नव्हे, आळासाठीही नव्हे, आपल्या मातीसाठी! धाकटा शेतातून आला आणि तिच्याशेजारी त्या पांढऱ्या जमिनीवर बसला. ती का रडते, हे त्याने विचारलं नाही. तेवढं आता त्याला कळत होतं.