पोस्टमनची फेरी

एक होता पोस्टमन, एक होती त्याची बायको आणि एक होती त्यांची लेक. चौथं होतं त्यांचं घर. त्या घराला डोळे होते, तोंड होतं. कान मात्र नव्हते.

हसता काय रे? ही राजा-राणीची गोष्ट नव्हे. यातली पोस्टमनची बायको म्हणजे माझी थोरली नणंद, आमच्या वन्सं. त्यांनी स्वतः मला सांगितलंय, माझा हात घट्ट धरून. आणि त्यांना खोटं बोलायला जमत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर ताट वाढायच्या आधीच सांगून मोकळ्या होतात.

त्यांच्या यजमानांना आम्ही घरात भिंगरीराव म्हणायचो. मागे बरं का, तोंडावर नाही. उभा जन्म सायकल आणि पाय, पाय आणि सायकल. पत्रं वाटून घरी आले तरी बूड टेकायचं नाव नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. आणि रात्री निजायच्या आधी घरात फेरी. आधी मागच्या दाराची कडी, मग गॅस, मग स्वयंपाकघरातल्या मोरीचा नळ, मग खिडकी, मग पुढचं दार. क्रम कधी चुकला नाही. एक झाली की, मघाशी कडी नीट लागली होती ना, म्हणून दुसरी. वन्सं अंथरुणातून ओरडायच्या, "अहो, जरा एका जागी बसा हो! डोळ्यांपुढे गरगरतंय मला!" ते म्हणायचे, "आलोच." आणि तिसरी फेरी सुरू.

वेताची एक सुरेख खुर्ची लेकीनं मुद्दाम आणून दिली होती, वर गादी शिवलेली. तिच्यावर मांजर बसायचं.

पुढे त्यांना झटका आला. वाचले, पण डावा पाय ओढायला लागले. टक... घस्स. टक... घस्स. तरी फेरी चालूच! लेक नर्स, नोकरी दुसऱ्या गावी, सासर तिथलंच. तिचा जीव टांगणीला. मग तिनं घरात ती यंत्रं बसवून घेतली, म्हातारी माणसं एकटी राहतात त्यांच्यासाठी असतात ना, ती. खोल्यांच्या कोपऱ्यात लिंबाएवढे पांढरे डोळे. ते फोटो काढत नाहीत, माणूस हललं की तेवढं त्यांना कळतं, मांजराला ते मोजत नाहीत. पॅसेजमधला दिवा आपोआप लागायचा, माणूस पुढे गेलं की आपोआप विझायचा. दोघांच्या गळ्यात एकेक बटण, पडलं-झडलं तर दाबायला. आणि पुढच्या खोलीत एक डबा. मागच्या दाराशी गेलं की तो बाईच्या आवाजात सांगायचा, "मागचं दार बंद आहे." शेगडीशी गेलं की, "गॅस बंद आहे." आपण काही म्हटलं तर मात्र त्याला ऐकू जायचं नाही.

"बोलते सारखी, ऐकत काही नाही," पोस्टमन म्हणाले. "हिला मी ओळखतो. ही तुझी आई."

"माझ्या आईला मध्ये आणू नका," वन्सं म्हणाल्या. पण तेव्हापासून त्या डब्याचं नाव सासूबाई पडलं ते पडलंच.

न्हाणीत डोळा लावायला मात्र वन्संनी साफ नकार दिला. "आंघोळीला तरी मला एकटी सोडा." लेकीनं पुष्कळ समजावलं. नाही म्हणजे नाही.

यंत्रं बसवणाऱ्यानं विचारलं, घरात बराच वेळ कोणीच हललं नाही तर लेकीच्या फोनवर घंटा वाजेल, ते ठीक. पण खुर्चीवरच्या गादीखाली चटई घातलीय, तिचं काय? मांजराचं वजन तिला लागत नाही, आजोबा बसले की मात्र कळतं. एका जागी किती वेळ बसतात ते? यावर मायलेकी अशा हसल्या की त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. लेक म्हणाली, "दादा, माझे बाबा अर्धा तास बसून राहिले ना, तर समजा काहीतरी भयंकर झालंय. तेव्हा घंटा वाजवा." त्यानं तसं करून दिलं.

पोस्टमन त्या खुर्चीत गेले नाहीत. दवाखान्यात गेले, खाटेवर, आणि तिथेही पाय हलवत होते म्हणे.

वन्संनी घर सोडलं नाही. "मी माझ्या घरात बरी आहे." लेकीला बाबांचं नाव फोनमधून पुसायचं होतं, ते पुसवलं नाही. चटई खुर्चीवर राहिली, त्यांचा नेम यंत्रात राहिला. मधूनमधून लेक विचारायची, "आई, रात्री झोप येत नाही का गं? फोनवर दिसतं मला, घरभर फिरत असतेस." वन्सं म्हणायच्या, "मी? गोळी घेते आणि मेल्यासारखी झोपते." लेकीला वाटायचं, आई लपवते. आईला वाटायचं, यंत्र बिघडलंय.

आता ऐका. सरकून बसा जवळ.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. महिन्यातला शेवटचा शनिवार, अमावास्येची रात्र, आणि रस्त्याच्या दिव्यांची दुरुस्ती चाललेली म्हणून सगळी गल्ली काळीकुट्ट. संध्याकाळी न्हाणीतला बल्ब गेला. वन्सं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणायला गेल्या. दुकानदार ओळखीचा, घराची जास्तीची किल्ली त्याच्याकडेच असायची. तो म्हणाला, "मावशी, दुकान बंद केलं की येतो मी लावायला."

"अरे, लग्न झाल्यापासून घरातले बल्ब मीच लावते. तुझे काका लावायला चढले की स्टूल धरायला मी, आणि ते मध्येच उतरून कडी बघायला जायचे."

दुकानदार हसला. वन्सं घरी आल्या. बॅटरी लावून न्हाणीत ठेवली, स्टूल मांडलं. वर हात केला तर गळ्यातलं बटण हनुवटीला लागायला लागलं. म्हणून ते काढलं आणि बाहेर, पोस्टमनची पिशवी अडकवायची त्या खुंटीला अडकवलं. जाग्यावर ठेवलं की हरवत नाही, ही त्यांचीच शिकवण.

बल्ब बसला. उतरताना ओल्या फरशीवर स्टूल सरकलं.

वन्सं आडव्या. खुबा मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. बॅटरी विझली. स्टूल लोटलं जाऊन दाराला असं काही अडकलं की दार मिटलं ते मिटलंच. हाका मारून बघितल्या. शेजारचे बाहेरगावी. खिडकी झरोक्याएवढी, तीही मागच्या मोकळ्या जागेवर उघडणारी.

पण बाई डोक्यानं खंबीर. त्यांनी मनाशी म्हटलं, घाबरायचं काय त्यात? मी हलणार नाही. कोणीच हललं नाही की घराला ते कळेल. लेकीचा फोन वाजेल. नुसतं पडून राहायचं.

फरशी बर्फासारखी. नळ ठिबकत होता तो थेट पाठीखाली. थंडीनं आधी दात वाजत होते. मग वाजायचे थांबले. ते चांगलं लक्षण नव्हे, हे नर्सच्या आईला माहीत होतं.

आता वाजेल. आता वाजेल...

तेवढ्यात पुढच्या खोलीतून सासूबाई बोलल्या.

"मागचं दार बंद आहे."

वन्संनी श्वास धरला. चोर? पण कडी वाजली नव्हती. दार उघडलं नव्हतं. मग...

"गॅस बंद आहे."

आणि पॅसेजमध्ये आवाज आला.

टक... घस्स.

टक... घस्स.

न्हाणीच्या दाराखालच्या फटीतून उजेड आला. दिवा लागला होता, तो कोणी चाललं तरच लागतो. उजेडाची पट्टी फरशीवर सरळ पडली. पावलं दारासमोरून गेली. पट्टीत सावली पडली नाही.

मोरीपाशी थांबली. मग खिडकी. मग पुढचं दार.

दिवा विझला.

वन्सं मला म्हणाल्या, "अगं, भीती वाटली, आणि वाटलं, आले! दोन्ही एकदम." हुंदका देऊन त्यांनी हाक मारली, "अहो..."

पावलं थांबली.

"अहो, मी पडलेय. दार ढकला."

टक... घस्स. दारापर्यंत आली. फटीत पुन्हा उजेड. पलीकडे कोणीतरी उभं होतं. वन्संनी वाट पाहिली. दार हललं नाही. कडीचा आवाज नाही. बोटाचं नख लागल्याएवढाही नाही.

"ढकला ना..."

काही नाही.

वन्संना कळलं. ह्यांच्या हातानं आता दार उघडत नाही.

आणि पावलं फिरली. आता भराभर. "मागचं दार बंद आहे." टक घस्स टक घस्स. "गॅस बंद आहे." मोरी, खिडकी, दार, पुन्हा मागे. लेकीच्या जन्माच्या वेळी वन्सं अडल्या होत्या, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात पोस्टमन रात्रभर असेच फिरले होते. काळजी वाटली की त्या माणसाला दुसरं काही सुचायचंच नाही.

"मागचं दार बंद आहे. गॅस बंद आहे. मागचं दार..."

तिकडे त्याच वेळी लेकीची रात्रपाळी. वॉर्डातून बाहेर येऊन तिनं फोन बघितला. घर म्हणत होतं, सगळं ठीक, हालचाल चालू आहे. ती बरोबरच्या बाईला म्हणालीसुद्धा, "बघ, आमची आई. बाबांची भिंगरी हिच्या पायाला लागली." आणि फोन खिशात टाकून आत गेली.

इकडे वन्संच्या लक्षात आलं. थंडीनं डोकं बधिर झालेलं, तरी लख्ख कळलं. घराला वाटतंय मी चालतेय. हे फिरताहेत तोवर घंटा वाजणार नाही. हे माझ्या काळजीनं फिरताहेत. आणि ह्यांच्या फिरण्यानं मी इथं मरणार.

कुणाला सांगायचं हे? कसं सांगायचं?

"अहो, थांबा!"

पावलं थांबली. पण उभं राहून भागणार नव्हतं. थांबले की पुन्हा निघायचे, जन्माची खोड ती. त्यांना बसवायला हवं होतं. त्या माणसाला. जो जिवंतपणी कधी बसला नाही.

"बसा." आवाज किती बारीक झाला होता. "तुमच्या खुर्चीत जाऊन बसा."

टक... घस्स. अस्वस्थ. दारापाशीच.

"कडी लागलीय. गॅस बंद आहे. मी सांगते ना. सगळं नीट आहे. आयुष्यात एकदा माझं ऐका हो... मी म्हणेपर्यंत उठू नका. बसा."

बराच वेळ काही नाही.

मग पावलं वळली. हळू. पुढच्या खोलीकडे.

टक...

घस्स.

आणि वेत कुरकुरला. माणूस बसल्यावर कुरकुरतो तसा.

पॅसेजमधला दिवा विझला. सासूबाई गप्प. घर गप्प. वन्सं म्हणतात, त्या सगळ्या रात्रीत तेवढंच काय ते भयानक होतं. पावलं होती तोवर कोणी तरी होतं. आता काळोख, नळाचं ठिबकणं... आणि शेवटी तेही ऐकू येईना.

वॉर्डात लेकीच्या खिशात घंटा वाजली. साधी नव्हे, कर्कश. तिनं बघितलं. पडद्यावर लिहिलं होतं, बाबा खुर्चीतून उठलेले नाहीत.

बरोबरची बाई म्हणाली, "बिघडलं असेल गं."

लेकीनं आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग दुकानदाराला लावला आणि एवढंच ओरडली, "किल्ली घेऊन पळा!"

दुकानदार आणि त्याची बायको बॅटरी घेऊन धावले. पुढच्या दाराला किल्ली लावून आत शिरले. न्हाणीचं दार खांद्यानं मोडलं. वन्संचे ओठ निळे पडले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर उचलून काही उपयोग नव्हता. दुकानदाराची बायको अजून सांगते, आत शिरताना तिनं खुर्चीवर बॅटरी मारली. रिकामी होती. मांजर मात्र समोर जमिनीवर बसून वर बघत होतं.

खुबा बसवला, वन्सं उठल्या, काठी घेऊन का होईना चालायला लागल्या. आणि देव बघा कसा देतो. लेकीला गावातल्याच दवाखान्यात नोकरी लागली, जावईबापू सामान घेऊन आले, आणि ज्या घरात नळाचं ठिबकणं तेवढं ऐकू यायचं त्या घरात आता पाळणा हलतोय. नातीला घेऊन वन्सं दिवसभर बसलेल्या असतात. रात्री घरात कोणी फिरत नाही. लेक अजून फोनवर बघते. एक पाऊल नाही.

खुर्चीच्या गादीखालची चटई मात्र काढून टाकावी लागली. रोज रात्री घंटा वाजायची. यंत्रवाल्यानं नवी घातली, तीही वाजली.

मी भेटायला गेले तेव्हा म्हटलं, "वन्सं, तुम्ही बसवलंत ना त्यांना? मग एकदा उठा म्हणा की. सुटतील."

वन्संनी नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "उठले की जातील कुठे गं?"

मी पदर सावरून उठले.

निघताना मी त्या खुर्चीपाशी थांबले. आदल्याच दिवशी लेकीनं गादी उसवून नवा कापूस भरला होता, चांगला फुगवून. त्यावर कोणी बसलं नव्हतं. मांजरही चढत नाही आता. आणि गादीत खळगा होता. मधोमध नव्हे, जरा डावीकडे... ओढत्या पायाचा माणूस कलून बसतो तसा.