पिंजऱ्यातला स्वेटर

दिवा राहू दे. या गोष्टीला अंधार लागत नाही. मास्तरांच्या घरी त्या रात्री वीज होती, खिडकीबाहेर लख्ख चांदणं होतं, आणि भुताला शोभेल असं तिथे काही म्हणजे काही नव्हतं. फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. त्यांनी मला हे माझ्या पँटची उंची कमी करता करता सांगितलं, तोंडात टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असलेला माणूस उगाच तिखटमीठ लावत बसत नाही, म्हणून मी ते खरं मानतो. तुम्ही काय मानायचं ते माना.

तर त्या संध्याकाळी मास्तर पिंजऱ्याची कडी जोडून आणायला वेल्डरकडे गेले होते. आदल्या रात्री कुत्र्याच्या पिल्लाने दाराला धडका देऊन कडी उखडली होती. वेल्डरने विचारलं, आत वाघ आहे की काय? मास्तर म्हणाले, वाघ परवडला असता, तो निदान झोपतो.

पिल्लू मास्तरीणबाईंनी आणलेलं. मास्तरांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. जमिनीवर टाचण्या, सुया, हुक, चिंध्या. आल्या आल्या पिल्लाने कोटाचं एक बटण गिळलं आणि त्याचं नाव बटण्या पडलं. ते बटण यथावकाश योग्य मार्गाने बाहेर आलं. बाईंनी ते गरम पाण्याने धुऊन त्याच कोटाला लावून टाकलं. कोट एका मोठ्या साहेबांचा होता. कुठल्या, ते मी सांगणार नाही, मला अजून पेन्शन घ्यायची आहे.

पण उद्या बटणाऐवजी सुई गिळली तर? म्हणून रात्रीपुरता पिंजरा आला. बाईंनी त्याला पिंजऱ्याची सवय मोठ्या हौसेने लावली. दिवसा दार उघडं ठेवायचं, खाणं आतच द्यायचं, त्याचं त्याला आत जाऊ द्यायचं. रात्री पिंजरा पलंगाला खेटून, आणि पहिले काही दिवस बाई स्वतः खाली चटईवर. गजांतून दोन बोटं आत. पिल्लू त्या बोटांवर हनुवटी टेकून झोपे. मास्तरांनी चेष्टा केली की आमच्यासाठी कधी खाली झोपली नाहीस. बाई म्हणाल्या, "तुम्ही नव्या नवलाईत दिवा लावून झोपायचात, तेव्हा मी कुणाला सांगितलं का?" मास्तर अंधाराला भितात. चांगले साठीचे आहेत, पण भितात.

हिवाळ्यात बाई आजारी पडल्या आणि जानेवारीत गेल्या. जाताना मोठं काही बोलल्या नाहीत. दवाखान्यात शेवटी शेवटी एवढंच म्हणाल्या, "त्याला एकटं झोपवू नका हं." मास्तरांनी हो म्हटलं. मोठ्या गोष्टींना आपण विचार करून हो म्हणतो. लहान गोष्टीला पटकन म्हणतो, आणि तीच मग मानेवर बसते.

त्यानंतर मास्तरांनी जे केलं ते फक्त शिंपीच करू शकतो. मळकं कापड हातातून पुढे जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. बाई गेल्या त्याच आठवड्यात त्यांनी बाईंचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, घड्या घातल्या. साड्या, चादरी, उशीचे अभ्रे, घरात घालायचा तो निळा स्वेटर. माणूस दुःखात हात चालवतो, हातांना जे येतं तेच करतो. मुलगी आली, तिने तो स्वेटर उचलला, त्यात तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा... हा पण धुतलात?"

मास्तरांना तेव्हा कळलं.

घरात बाईंचा वास म्हणून कुठेच उरला नव्हता. मुलीने स्वेटर घडी करून जागेवर ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

बटण्या रोज रात्री रडे. मास्तर जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं बाई आधीच करत होत्या. नवीन एकच सांगितलं, की त्याच्या ओळखीच्या माणसाच्या वासाचं, न धुतलेलं कापड आत ठेवा. मास्तर बरं म्हणाले आणि उठले.

वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई. नळ गळतोय हे त्यांना वर्षानुवर्षं ऐकू येत नव्हतं, पण पिल्लाचं रडणं पहिल्या रात्रीच ऐकू गेलं. शेवटी मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ आला. त्याची रोपवाटिका आहे गावाबाहेर, फाटकाशी राखणीचा कुत्रा साखळीला. वाईट माणूस नव्हे. बहीण गेल्यापासून त्यालाही या घरात बसवत नव्हतं. म्हणाला, "दाजी, तुमच्याच्याने नाही होणार हे. ताईची गोष्ट वेगळी होती. बुधवारी सकाळी गाडी घेऊन येतो, याला माझ्याकडे नेतो."

"आणि मंगळवारी रात्री नाही रडला तर?"

"तर राहू दे," मेहुणा दुसरीकडे बघत म्हणाला.

तो हा मंगळवार.

मास्तरांनी कडी बसवली. पिल्लाला लांबवर फिरवून दमवलं. खाणं आत ठेवलं. तो धुतलेला स्वेटरही ठेवला, दुसरं होतंच काय. बटण्या आत गेला, स्वेटर हुंगला, पुन्हा हुंगला. मग दाताने त्याचा खिसा धरला आणि टरकावला. त्या खिशात बाई त्याचा खाऊ ठेवत. खिसा एका बाजूने सुटून लोंबायला लागला, आणि बटण्याने तोंड वर करून गळा काढला.

"फाड," मास्तर म्हणाले. "तुझाच आहे."

त्यांनी चटई टाकली. खाली आडवे झाले. गजांतून दोन बोटं आत घातली, अगदी तशीच. बटण्याने बोटं हुंगली. मशीनच्या तेलाचा वास, साबणाचा वास. त्याने पाठ फिरवली.

साठीच्या माणसाला एका पिल्लाने पाठ दाखवल्याचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मास्तर हे सांगताना तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेऊन बसले होते.

वरून जमिनीवर काठी आपटल्याचा आवाज आला. मालकीणबाई. मास्तर उठले, आणि आजवर जे केलं नव्हतं ते केलं. दिवा घालवला. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. रडणं चालूच होतं. मास्तर भिंतीला म्हणाले,

"मला जमत नाही गं."

रडणं थांबलं.

हळूहळू नाही. एकदम. दारात कुणी दिसल्यावर थांबतं तसं.

मास्तर पडून राहिले.

मग टप्... टप्... टप्. शेपटी. पिंजऱ्याच्या पत्र्यावर आपटत होती. ती कुणासाठी हलते, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांच्यासाठी कधी हलली नव्हती.

टप्... टप्...

मग तेही थांबलं.

शांत.

आणि मग दुसरा आवाज. सुर्र... कापडातून दोरा ओढल्याचा. हा आवाज ओळखायला मास्तरांना दिवा लागत नाही. थोडं थांबून... सुर्र. पुन्हा. सावकाश. घाई नसलेल्या हाताचा.

मास्तरांनी वळून बघितलं नाही. मी विचारलं, भीती वाटली? म्हणाले, वाटली. पण भुताची नाही. मी बघितलं आणि कुणीच नसलं तर, त्याची.

सुर्र...

केव्हातरी त्यांना राहवलं नाही. भिंतीकडे तोंड करूनच ते हळू आवाजात बोलले.

"अगं... मीही जागाच आहे."

आवाज थांबला.

मास्तर वाट बघत राहिले. पाठीवर हात पडेल... काहीतरी बोलेल... निदान चटई वाजेल...

टक्.

एवढंच. आणि मग काही नाही. पहाटेपर्यंत काही नाही.

सकाळी मेहुणा गाडी घेऊन आला. मालकीणबाई जिन्यातूनच म्हणाल्या की बरं झालं, कालच नेलंत ते पिल्लू, रात्री छान झोप लागली. मेहुणा आत आला. कडी लावलेली. बटण्या अजून झोपलेला, स्वेटरच्या खिशात नाक खुपसून. मेहुणा बराच वेळ बघत उभा राहिला. मग चहासुद्धा न घेता रिकामी गाडी घेऊन गेला.

तो गेल्यावर मास्तरांनी स्वेटर हलकेच ओढून घेतला आणि आधी नाकाला लावला. साबणाचा वास. फक्त साबणाचा. पिल्लाला जे मिळालं होतं, ते त्यांना मिळालं नाही.

मग त्यांनी खिसा बघितला.

खिसा शिवलेला होता. मास्तरांच्या हातचे टाके उजवीकडे झुकतात. हे डावीकडे झुकलेले होते. बाई डावऱ्या होत्या. काजं, बटणं, तुरपाई, सगळं डाव्या हाताने. आणि दोरा कात्रीने कधी कापत नसत, दाताने तोडत. त्यावरून मास्तर जन्मभर ओरडले. कात्री कशाला ठेवलीय? त्या म्हणत, दात आहेत तोवर कात्री कशाला.

शेवटच्या टाक्याचं टोक कापलेलं नव्हतं. तोडलेलं होतं.

मास्तरांनी त्यावर बोट ठेवलं.

ओलं होतं.