एका वेलाला एकच भोपळा

आनंदमळा कॉलनीत ऊन पाळीने यायचं. उसाला पाटाचं पाणी येतं ना, तसं. साताऱ्याच्या त्या भागात चारी बाजूंनी उंचच उंच इमारती उभ्या राहिल्या आणि मधल्या बैठ्या घरांवर कायमची सावली पडली. लोकांनी आरडाओरडा केला, मोर्चे काढले, तेव्हा कुठे इमारतींच्या गच्च्यांवर मोठाले आरसे बसले. ते वरचं ऊन खाली वळवून प्रत्येक घराला त्याच्या वाट्याचं देत. या योजनेचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं की मंत्र्यांनाही पाठ नसावं. लोक तिला ऊनपाट म्हणत.

घराच्या वाट्याला ऊन यायचं सकाळपासून दुपार कलेपर्यंत, पण दोन चादरी अंथराव्यात एवढंच. आता त्यात पापड वाळवायचे, गाद्या टाकायच्या की म्हाताऱ्यांनी पाठ शेकायची? घरोघरी भांडणं लागली. म्हणून मग अंगणाअंगणात पाटकरी आला. पाटाचं पाणी वाटणारा असतो, त्याचंच नाव लोकांनी या यंत्राला दिलं. खांबावर बसवलेल्या तळहाताएवढ्या पुष्कळ काचा, प्रत्येक काच वेगळी वळणारी, आणि मधोमध एक काळा डोळा. वरून आलेल्या उन्हाचे तुकडे करून तो हवे तिथे टाकी. कुठे हवे, हे मात्र त्याला कुणी सांगायचं नाही. घरातल्यांच्या हाताकडे बघून तो आपला आपण शिके. या घराला काय वाढवायचं आहे हे ओळखायचं आणि ते वाढेल असं ऊन वाटायचं, एवढंच त्याला ठाऊक. बसवायला आलेल्या माणसाने हे सगळं हेमांगी पिसाळला समजावून सांगितलं होतं आणि तिने मान डोलावली होती. कळलं काडीचंही नव्हतं. फ्रिज कसा चालतो हे तरी आपण कुठे समजून घेतो?

हेमांगीच्या नवऱ्याला, ऋतुराजला, एकच वेड होतं. जिल्ह्याच्या फळाफुलांच्या प्रदर्शनात सगळ्यांत मोठा भोपळा आपला असला पाहिजे. त्यासाठी त्याने अंगणातली तुळस सोडून बाकी सगळं उपटलं आणि वेल लावला. ऐकणारा भेटला की तो सुरू व्हायचा. मोठ्या भोपळ्याच्या वेलाला दिवसाचे आठ तास तरी थेट ऊन लागतं, कमी पडलं की वेल नुसता लांबत जातो आणि फळ धरत नाही. पण गंमत अशी की हे ऊन पानांना हवं असतं, फळाला नव्हे. फळावर ऊन पडलं की साल लवकर निबर होते, आणि निबर साल ताणली जात नाही. म्हणून पानं उन्हात आणि फळ सावलीत. आणि एका वेलाला एकच फळ ठेवायचं. बाकीची लिंबाएवढी झाली की खुडून टाकायची, म्हणजे सगळ्या पानांनी केलेला गोडवा त्या एकाच्या पोटात जातो.

पाटकऱ्याने हे चटकन उचललं. ऋतुराज भोपळ्यावर जुनं धोतर टाकायचा. थोड्याच दिवसांत पाटकऱ्याने काचा अशा वळवल्या की धोतर न टाकताही भोपळ्यावर गार सावली राहू लागली. ऋतुराज कोवळी फळं खुडायचा. एके दिवशी त्याने पाहिलं तर एका लहान फळाच्या देठावर उन्हाचा बारीक ठिपका रोखलेला, आणि देठ वाळून गेलेला. यंत्राने स्वतःच खुडणी केली होती. ऋतुराजला इतका आनंद झाला की त्याने कॉलनीभर पेढे वाटले. भोपळा फुगत फुगत पाण्याच्या टाकीएवढा झाला आणि अख्खी कॉलनी तो बघायला लोटली.

हेमांगीला दोन मुली. थोरली शाल्मली दोरीच्या मल्लखांबात जिल्ह्यात पहिली आलेली. तिच्याहून दोन वर्षांनी लहान धाकटी रेवा. रेवा कशात पहिली आली होती असं विचारलंत तर हेमांगीलाही पटकन आठवलं नसतं, पण पोर गुणी होती. हट्ट म्हणून माहीत नाही. दोघी पाळीच्या वेळी ओसरीवर अभ्यासाला बसत.

त्याच सुमारास रेवाचा घोळणा फुटून नाकातून रक्त यायला लागलं. आधी कधीतरी, मग वरचेवर. मानेवर घामोळं, ओठ सुकलेले, डोकं चढलेलं. हेमांगी म्हणाली, हिची प्रकृतीच उष्ण. सब्जा झाला, गुलकंद झाला, टाळूवर तेल थापून झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघेना. हेमांगी गोंधळून गेली. शेजारी तेच खाऊन, तिथेच बसून शाल्मली टवटवीत होती.

मग एका सकाळी पोहे घेऊन ओसरीवर येताना हेमांगी थबकली. शाल्मली बसली होती तिथे अगदी मऊ, गारेगार सावली होती. रेवाच्या डोक्यावर मात्र उन्हाचा लहानसा, धारदार तुकडा. हेमांगीने रेवाला उठवून दुसरीकडे बसवलं. खांबावरच्या काचा किणकिणल्या आणि तुकडा सरकत सरकत तिच्यामागे गेला. हेमांगीने दोघींच्या जागा बदलल्या. सावली शाल्मलीमागे गेली, ऊन रेवामागे. तिने तीनतीनदा करून पाहिलं. दर वेळी तेच.

"रेवा, हे कधीपासून गं?"

"कुणास ठाऊक," रेवा म्हणाली. "मला वाटलं ती ताईची जागा आहे."

ऊनपाटाच्या कचेरीत हेमांगीने इतका गोंधळ घातला की दुसऱ्या दिवशी पाटकऱ्याची बुद्धी ज्यांनी घडवली ते डॉक्टर नियाज मुजावरच घरी आले. चष्मा कपाळावर, चप्पल दाराबाहेर, बोलणं हळू. त्यांनी पाटकऱ्याच्या खांबाला आपलं यंत्र जोडलं आणि चहा गार होईपर्यंत त्यात डोकं घालून बसले. हेमांगीने शंभर प्रश्न विचारले. बिघडलाय का? कुणी मुद्दाम केलंय का? पोरीच्या अंगात काही आहे का, की ऊन तिच्याकडे ओढलं जातं?

मुजावरांनी सांगितलं ते असं. पाटकरी बिघडलेला नव्हता. त्याला माणूस आणि वेल यांतला फरक कळत नव्हता, कारण तसा फरक त्याला कुणी शिकवलाच नव्हता. वाढणारं काय आहे, एवढंच तो बघे. अंगणात भोपळा वाढत होता, ओसरीवर दोन मुली वाढत होत्या. भोपळ्याचं गणित त्याने पक्कं केलं होतं. पानं राबतात, एक फळ सावलीत मोठं होतं आणि बाकीची खुडायची असतात. तेच गणित त्याने उचलून घराला लावलं. ऋतुराज आणि हेमांगी ही पानं. शाल्मली हे फळ.

"आणि रेवा?" हेमांगीने विचारलं, पण उत्तर तिच्या आधीच ध्यानात आलं होतं. मुजावरांनी नुसतं भोपळ्याच्या वेलाकडे पाहिलं. तिथे वाळलेले देठ लोंबत होते.

हेमांगीचा संताप अनावर झाला. यंत्राला कुणी सांगितलं की शाल्मलीच फळ? हा काय चावटपणा? मुजावरांनी तिला विचारलं की, भोपळा बघायला लोक आले होते त्या संध्याकाळी तुम्ही इथे काय केलंत? तिला आठवेना. मग आठवलं. एवढ्या लोकांची नजर लागली असेल म्हणून तिने भोपळ्याची दृष्ट काढली होती, मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन, गोल ओवाळून. शाल्मली त्याच दिवशी पदक घेऊन आलेली. मुठीत मीठ उरलं होतं, मग तिचीही काढली. एकाच ठिकाणी, एकाच हाताने, पाटकऱ्याच्या डोळ्यादेखत. रेवा तेव्हा विस्तवाचं घमेलं धरून उभी होती.

"आमच्याकडेही काढतात नजर," मुजावर म्हणाले. "पण ताई, नुसत्या त्याच्यावरून त्याने ठरवलेलं नाही. त्याचं बरंचसं आधीच ठरलं होतं. त्या दिवशी त्याची खात्री पटली."

"आधी कशावरून?"

"कुणाला पहिली हाक मारता. कुणाची खुर्ची उन्हातून उचलून आत घेता. कुणाच्या हातात पाणी नेऊन देता, आणि कुणाला घेऊन यायला सांगता."

"अहो, रेवा समजूतदार आहे. तिला सांगावं लागत नाही काही."

एवढं बोलता बोलताच हेमांगीला रडू फुटलं. मी दोघींत कधी डावं-उजवं केलं नाही, देवाशपथ नाही केलं, असं ती म्हणत राहिली, आणि म्हणताना आपण हे कुणाला सांगतोय, या माणसाला की त्या खांबाला, हे तिचं तिलाच समजेना.

शेवटी डोळे पुसून तिने विचारलं, की तुमच्या घरी पाटकरी आहे का. मुजावरांनी होकारार्थी मान हलवली. मुलं किती? दोन. मग तुमच्याकडे तो सावली कुणावर धरतो?

"त्याचा डोळा मी बागेकडे वळवून ठेवलाय," ते म्हणाले. "मुलांकडे वळवून बघायचं धाडस झालं नाही."

पिसाळांची ओसरी अंगणालाच लागून, त्यामुळे इथे नुसता डोळा वळवून भागणार नव्हतं. उपाय दोनच होते. एक, पाटकरी कायमचा बंद; वरचं ऊन आता त्याच्याच काचांवर उतरे. म्हणजे घरात पुन्हा तळघरासारखा अंधार, भिंतींना बुरशी आणि दोन्ही पोरी फिकट. दुसरा, त्याची पाटी पुसायची. जे शिकला ते सगळं विसरेल आणि नव्याने बघायला लागेल. मात्र तो बघत असताना घराने नीट वागलं पाहिजे. आणि भोपळ्याचं शिकलेलंही पुसलं जाईल, हे मुजावरांनी ऋतुराजला स्पष्ट सांगितलं. ऋतुराज आतबाहेर करत राहिला, भोपळ्यावर हात फिरवून आला आणि पुसा म्हणाला. तेवढं मात्र त्याला मानलं पाहिजे.

पाटी पुसली. थोड्याच दिवसांत भोपळ्याची साल निबर झाली, तो वाढायचा थांबला आणि प्रदर्शन आलं तसं गेलं. घरात मात्र वेगळंच प्रदर्शन चालू झालं. ओसरीवर पाऊल टाकलं की हेमांगीचा आवाज बदलायचा. रेवाला हाक आधी. रेवाला बदामाचं दूध आधी. रेवाचा अभ्यास मांडीला मांडी लावून. रेवाची दृष्ट काढली, चांगली दोनदा काढली. शाल्मलीची काढायला गेली आणि त्या काळ्या डोळ्याकडे बघून हात मागे घेतला. उगाच पुन्हा घोळ नको. शाल्मलीला सांगितलं, तू मोठी आहेस, समजून घे. शाल्मली समजून घेत होती. सरावाला सोडायला कुणी रिकामं नसलं तर जात नव्हती.

रेवाचा घोळणा थांबला. गालावर तुकतुकी आली. जेवताना ती मोठ्याने हसायला लागली, एकदा तर तिने भाजीला नाक मुरडलं आणि हेमांगीला कोण आनंद झाला. जिंकलो, असं तिला वाटलं. घर किती सोपं असतं, आपणच अवघड करून ठेवतो, असंही ती ऋतुराजला म्हणाली.

एका दुपारी, पाळी संपायला थोडा वेळ असताना, ती वाळवण उचलायला बाहेर आली. ओसरीवर दोघी बसल्या होत्या. रेवाभोवती मऊ, गारेगार सावली होती. शाल्मलीच्या कपाळावर उन्हाचा लहानसा, धारदार तुकडा होता. ती डोळे बारीक करून वाचत होती. एकदा ती जरा सरकली. काचा किणकिणल्या आणि तुकडा तिच्यामागे गेला. तिच्या वहीवर लाल थेंब पडला, तो तिने बाहीने पुसला.

हेमांगी धावली. खांबाच्या बुडाशी बंद करायचा दांडा होता, त्यावर तिने हात टाकला. पुन्हा पुसायचं? पुन्हा पहिल्यापासून? पुसल्यावर आपण वागणार कसं? बरोबर कसं वागायचं असतं? दोन आठवडे हसणाऱ्या पोरीला आता पुन्हा कुठल्या जागी बसवायचं? तिचं डोकं चालेना. हाताखालचा दांडा तापला होता.

रेवाने मान वर केली. आई काय करायला निघालीये हे तिला लगेच कळलं. तशी ती समजूतदार होतीच. ती उठली नाही, सावलीतच बसून राहिली आणि अगदी हळू म्हणाली,

"आई, आज नको ना बंद करूस. आजची पाळी संपेपर्यंतच."

शाल्मलीनेही मान वर केली होती. नाकाखाली बाही धरून ती आईकडे बघत होती, आणि खांबावरचा काळा डोळाही बघत होता. कुणाला तरी हाक मारायला हवी होती, आत्ता, लगेच. हेमांगीने तोंड उघडलं, पण पहिलं नाव कुणाचं घ्यावं ते तिला कळेना.