भवानीला आलेली गाडी

यवतला हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून सर्जेरावमामांचं पत्र्याचं शेड आहे. आधी त्यात खताची पोती असायची. यंदा डिप्लोमाची परीक्षा संपली आणि सुट्टीपुरता मी त्या शेडवर कार डिटेलिंगचा बोर्ड लावला. डिटेलिंग म्हणजे नुसतं धुणं नव्हे. एसीच्या फटीतली धूळ, छताच्या कापडावरचे डाग, सीटखालचे चिवड्याचे कण, सगळं हातानं काढायचं. केडगावात आमच्या आळीची त्यावर चांगलीच करमणूक झाली. 'तेजश्री इंजिनेर व्हायला गेली आन् गाड्या पुसायला लागली,' असं लोक तोंडावर म्हणाले. आईही कुरकुरली. एकटे मामा पाठीशी उभे राहिले. वडील गेल्यापासून माझं सगळं त्यांनीच बघितलं होतं. पाण्याचं मशीन त्यांनी आणलं, व्हॅक्यूमही त्यांनीच. काम फसलं असतं तर लोकांचं मला काही नव्हतं, पण मामांना तोंड दाखवता आलं नसतं.

"भवानी माझ्याच गाडीनं व्हायला पायजे," मामा म्हणाले आणि सकाळीच गाडी घेऊन आले. पांढरी, जुनी, संक्रांतीनंतर शिरूरकडच्या कुणाकडून घेतलेली. मी हात पुढे केला, पण त्यांनी चावी स्टुलावर ठेवली.

"दुसऱ्या कुणाचा हात लागू दिऊ नको. तूच कर समदं."

"दुसरं आहे कोण इथं?" मी हसले. मामा हसले नाहीत.

"मामीनं डबा दिलाय. समदा खा. टाकू नको."

डबाही स्टुलावरच ठेवून ते चालत निघून गेले. वळणावर नेहमी हात करतात, तो केला नाही. असतील घाईत, असं मी म्हटलं.

बाहेरून गाडी पटकन चमकली. आत शिरले आणि माझं डोकं फिरायला लागलं. मागच्या डाव्या दाराच्या काचेवर, आतून, अगदी खाली, लहान हाताचा ठसा होता. पुसला. पुढच्या सीटचं काम करून वळले तर ठसा जागेवर. काचेवर तेलकट हात लागला की तो पुसूनही दमट हवेत पुन्हा उठतो, हे मला ठाऊक होतं. पण बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि पत्रा नुसता तापला होता. दमट काही नव्हतंच. मी स्पिरिट घेतलं, कोरं फडकं घेतलं, काच चरचर वाजेपर्यंत घासली.

डॅशबोर्ड झाल्यावर पाहिलं. ठसा होता. आता दोन होते.

त्या बाजूची सीटही ओलसर लागत होती. व्हॅक्यूमनं ओढून कोरडी केली, हेअर ड्रायर फिरवला, तरी हात लावला की गार. आणि वास येत होता. कुबट नव्हे, खोबरेल तेलाचा, नुकती वेणी घातलेल्या डोक्याला येतो तसा. मामांची सहा वर्षांची मुलगी ज्ञानेश्वरी तिथं बसली असेल, असं वाटलं. मग आठवलं, ज्ञानू या गाडीत बसतच नाही. गाडी दारात उभी राहिल्यापासून ती आजारीच होती. झोपायची नाही, कुणाशी तरी बडबडत बसायची. मामांचे दौंडचे डॉक्टर बदलून झाले होते. आमची गुबगुबीत ज्ञानू पार काडी झाली होती.

दुपारी मी कंटाळून डबा उघडला. दहीभात होता. त्या उकाड्यात दुसरं काय हवं? मधे जरा गुलाबी दिसलं. मामी पूजा करून आली असेल, तिच्या बोटाचं कुंकू लागलं असेल. मी भात बोटं चाटूनपुसून खाल्ला आणि पुन्हा काचेकडे गेले.

काच स्वच्छ होती. सीट कोरडी ठणठणीत. तेलाचा वाससुद्धा गेला होता.

स्पिरिटनं काम केलं म्हणून मी एवढी खूश झाले की एकटीच मोठ्यानं हसले.

ऊन उतरायला लागलं तसे मामा आले. शेडमध्ये शिरले नाहीत, बाहेरच थांबले.

"डबा खाल्ला?"

गाडीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"खाल्ला की."

"समदा?"

"सगळा. मामा, गाडी तर बघा!"

ते मान खाली घालून गाडीत बसले. मी डबा पुढे केला. चमचा हरवला तरी घर डोक्यावर घेणाऱ्या मामीचा नवाकोरा डबा.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तू शाणी हायेस, तेजू. तू निभावशील."

"काय निभावू?"

त्यांनी गाडी सुरू केली. आरशातसुद्धा मागे न बघता ते गेले.

मी नळाखाली डबा विसळायला घेतला. बाहेरून, तळाला काजळाचं बोट ओढलेलं होतं. कडेला कोळशाचा तुकडा चिकटला होता.

हे मी लहानपणापासून पाहिलंय. आजारी माणसावरून दहीभात ओवाळायचा, तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं ठेवायचा, मागं न बघता परत यायचं. शाळेत जाताना आई दंड धरून बाजूनं न्यायची. तो उतारा ओलांडायचासुद्धा नसतो.

मी तो खाल्ला होता.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण मामांचा आहे. खाणाऱ्याला काय लागतं हे मनापासून मानणाऱ्या माणसानं तो डबा माझ्यापुढे ठेवला आणि 'टाकू नको' म्हणून बजावलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शेड, मशीन, भवानी, सगळं आठवून मला रडू फुटलं. कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

डोळे पुसायला टी-शर्टाची कड उचलायला गेले, तर मागून ती ओढली गेली. कशात अडकली म्हणून वळले. मागे काही नव्हतं. कड मात्र एका जागी ओली होती आणि चुरगळली होती, मुठीत धरल्यासारखी.

तेवढ्यात फोन वाजला. मामीचा नंबर. मी काय काय बोलणार होते. पलीकडे ज्ञानू होती, कितीतरी दिवसांनी खणखणीत आवाजात.

"ताई, मी आत्ता दोन भाकरी खाल्ल्या!"

"बरं वाटतंय का गं?" मी विचारलं.

"व्हय. ताई, तिला रागवू नको हां. तिला अंधाराचं भ्या वाटतं."

"कुणाला?"

"पप्पांनी मला इचारलं, हिला कुणाकडं धाडायचं? मी तुझं नाव सांगितलं." ज्ञानू हसली. "म्हटलं, आमची ताई लई मायाळू हाय."