डोनलच्या नावाने

हे मला उस्मानने स्वतः सांगितलं, आणि उस्मान गप्पा हाणणारा माणूस नव्हे. यतीन, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. अवनी, तो मोबाइल पालथा ठेव.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर २०२४. इशाची, रात्रीची नमाज होऊन गेलेली, साडेआठचा सुमार. उस्मानला काम साधंच होतं. क्लबच्या खोलीतून जुन्या कागदांचं खोकं उचलायचं आणि क्लबचा सेक्रेटरी फिन्टन, त्याच्या घरी पोचवायचं.

उस्मान हर्णैचा सुतार, इथे सौदीत, यान्बूला परदेशी लोकांच्या एका कंपाउंडमध्ये बावीस वर्षं. तिथल्या आयरिश इंजिनियरांचा त्यांच्या देशी खेळांचा क्लब होता. एक त्यांचा गेलिक फुटबॉल, हातापायांनी खेळायचा, आणि दुसरं हर्लिंग. हर्लिंग म्हणजे हॉकीच, पण चवताळलेली. रुंद पात्याची काठी, आणि चेंडू डोक्यावरून सणसणत जाणारा. काठ्या मोडायच्या, उस्मान त्यांना पत्र्याची पट्टी ठोकून द्यायचा. त्या ओळखीवर त्याचा धाकटा भाऊ शाहिद सरावाला गोलात उभा राहू लागला. गावी तो विकेटकीपर होता, त्याच्या हातून काही सुटत नसे.

२०१७ साली क्लब रियाधला फायनलला निघाला आणि गोलकीपर डोनल नेमका रजेवर घरी गेला. शाहिदची नोंदणी नव्हती, मुदतही टळलेली. सेक्रेटरी फिन्टनने तोड काढली: यादीत नाव डोनलचं, गोलात शाहिद. शाहिदला ते मुळीच पटेना. त्याची समजूत उस्माननेच घातली. दोन आठवडे खोलीवर त्याला डोनल म्हणूनच हाक मारली, चहा देताना, झोपेतून उठवताना. शाहिद म्हटलं तर वळायचं नाही, अशी सवयच लावली. पंचाने मैदानात या सावळ्या डोनलकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकली. वाळवंटात पंधरा माणसं जमवणं किती कठीण, ते त्यालाही ठाऊक असणार. क्लबने आपला पहिला आणि शेवटचा कप जिंकला तो शाहिदच्या हातांवर.

दोन महिन्यांनी जेद्दाच्या रस्त्यावर गाडीचा टायर फुटला आणि शाहिद गेला. सव्वीस वर्षांचा पोर. इथेच पुरला त्याला. इथे कबरीवर नाव घालत नाहीत, नुसता दगड असतो. आई हर्णैला तशीच झुरत गेली.

आता माणसं पांगली, क्लब बंद होत होता, आणि फिन्टन क्लबचा इतिहास लिहायला बसला होता. उस्मानने त्याच्याकडे एकच मागणं केलं होतं, फायनलच्या यादीत भावाचं नाव घाल. फिन्टन ओशाळला. खरं छापलं तर कप खोटा ठरेल, म्हणाला. उस्मानला ते फार लागलं होतं.

तर खोलीत त्याने खोकं उघडलं. वरच फायनलची यादी होती. पहिल्या ओळीत डोनल. तो ती हातात धरून बराच वेळ बसला.

बाहेर आवाज झाला. टप्.

चेंडू भिंतीवर बसतो तसा. परत. टप्.

मैदानाचे दिवे महिन्यापूर्वीच काढून नेले होते. अंधारात कोण खेळणार? उस्मान दारात आला.

गोलात कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. गुडघे जरा वाकवून. उस्मानने ती पाठ ओळखली.

"शाहिद..."

हलला नाही.

"शाहिद, अरे मी... भाई."

काही नाही. वारासुद्धा नाही. मग त्याला आठवलं... आठवू नये ते आठवलं.

"डोनल..."

तो वळला.

...

चेहरा? ते मी उस्मानला विचारलं नाही. एवढंच सांगितलं त्याने, की शाहिद त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहत होता. उस्मान वाळूत गुडघ्यांवर बसला आणि ढसाढसा रडला. "तू शाहिद आहेस रे. आईने ठेवलंय. माझं चुकलं. शाहिद... शाहिद..." किती वेळ, कोण जाणे. मान वर केली तेव्हा गोल रिकामा होता.

सकाळी त्याने फिन्टनच्या टेबलावर यादी ठेवली. दोन ते पंधरा, सगळी नावं जागच्या जागी. पहिली ओळ कोरी. खाडाखोड नाही, रबराची खूण नाही, कागद नवा असावा तशी स्वच्छ. फिन्टनने ती खिडकीशी धरून पाहिली. मग पेन उस्मानच्या हातात दिलं. उस्मान मराठी शाळेत शिकलेला. त्याने मराठीतच लिहिलं, आणि पुस्तकात ते तसंच छापलंय. मी पाहिलंय ते पान, चौदा इंग्रजी नावांच्या डोक्यावर आपलं शाहिद.

आठवड्याने आयर्लंडहून डोनलचा फोन आला. न खेळता कप जिंकलेला हा गडी, त्याने त्या यादीची प्रत चौकटीत घालून सात वर्षं भिंतीवर मिरवली होती. काच तशीच होती, मागचे खिळे गंजून बसलेले, चौकट कधी कुणी उघडलेली नाही. आणि तो विचारत होता, त्यातली पहिली ओळ कोरी कशी झाली.