बॅटीचा सांधा

आमच्या घरात बॅटी तयार होत, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. माळ्याच्या घरात वांगी, संत्री, शेवंतीचे हार. तिथे बॅटी कुठून? पण वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळात अमरावतीच्या कॅम्पातल्या वकिलांना क्रिकेटचं भारी वेड होतं. विलायती बॅट मोडली की नवी यायला महिने लागत. असाच एक वकील मोडकी बॅट घेऊन बाबांकडे आला आणि म्हणाला, "उत्तमराव, तुमी संत्र्याच्या कलमा करता, मंग हिची मूठ बसवून द्या." त्याने थट्टाच केली होती. बाबांनी ती मूठ बसवली, आणि तेव्हापासून बडनेरा रस्त्यावरच्या आमच्या बागेत हाही उद्योग सुरू झाला.

मी पुढे सारा जन्म मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवलं. वर्गात भुताखेतांच्या गप्पा करणारीला मी बाकावर उभी करत असे. त्यामुळे आता जे सांगणार आहे त्याचा माझा मलाच राग येतो, पण झालं ते झालं.

शिवणीचं लाकूड परतवाड्याहून बैलगाडीने यायचं. हलकं, पिवळसर, आणि टिचकी मारली तर छान वाजणारं. बाबा वाकसाने तासून पातं घडवत, रंध्याने साफ करत आणि जवसाचं तेल पाजून सावलीत टांगून ठेवत. मूठ वेताची. वेत उभा चिरून मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी घालायची, म्हणजे हाताला झणका बसत नाही. पात्याच्या डोक्यात पाचरीसारखी खाच, मुठीचं टोक त्याच मापाने तासलेलं, आणि दोन्ही सरसाने चिकटवायचे. चेंडू मायकडे आणि माझ्याकडे. औषधाच्या बाटल्यांची बुचं गोल तासायची, त्यावर ओलं सूत ताणून गुंडाळायचं, मोगरीने ठोकायचं, पुन्हा गुंडाळायचं. सूत वाळताना आवळत जाई आणि गोळा दगड होऊन बसे. मग चामडं चढवायला तो मोच्याकडे. माझ्या बोटांवर सुताचे वळ पाहून माय म्हणायची, "या हाताले मेंदी तरी रंगन काय वं?" त्या पडवीतला जवसाच्या तेलाचा आणि बागेतून येणारा संत्र्याच्या बहराचा वास मला अजून हवासा वाटतो, आणि आता तो कुठेच मिळत नाही.

सहदेवदादा आम्हा तिघांत मोठा, आणि घरातला खेळाडू. बाबांनी आयुष्यातलं सगळ्यात देखणं पातं त्याच्यासाठी काढलं होतं. अकोल्याच्या संघाशी सामना असला की त्याचा खेळ बघायला माणसं शिदोरी बांधून येत. दातांतून शीळ घालायचा. माझं नाव जयवंता, पण तो एकटा मला 'जये' म्हणायचा, आणि माझ्या ताटातला गूळ उचलून पसार व्हायचा.

धाकटा भगवंता त्याच्या अगदी उलट. मैदानाकडे फिरकायचा नाही. "ताई, हे पाह्य," म्हणत मला हाताला धरून न्यायचा आणि कुठलातरी नखाएवढा कोंब दाखवायचा. जंबेरी या आंबट लिंबाच्या रोपावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बांधून कलम करावं तर त्यानेच. बाबांनी बांधलेले थोडे तरी वाळत, त्याने बांधलेला वाळलेला मला आठवत नाही. दादा सगळ्या गावाचा होता, पण भगवंता माझा होता.

एका हिवाळ्यात अकोल्याच्या सामन्यात दादाच्या बॅटीची मूठ मोडली. हसतच घरी आला. रात्री ताप चढला, तो विषमज्वर निघाला, आणि त्यात तो गेला. पातं तेवढं पडवीच्या आढ्याला खोचलेलं राहिलं. बाबांनी हत्यारं गुंडाळून ठेवली. माय चेंडू करायला बसायची आणि सुताची गुंडी मांडीवर घेऊन तशीच बसून राहायची.

वर्ष झालं आणि एक दिवस तिने ते पातं स्वतः खाली काढलं.

"याले मूठ बसवा. भगवंता खेळन."

"त्याले काय येते खेळ?" बाबा म्हणाले. "राहू दे ना."

"माह्या पोराची बॅट धुरात काळी होऊन राहिली. तुमाले काई वाटत नाई?"

बाबांचा हात उठेना. तेव्हा तिने पातं भगवंताच्या पुढ्यात टाकलं. ते दिवस डोळे बांधण्याचे होते, दिवसभर तो तेच करत होता, आणि सांधायची दुसरी रीत त्याला ठाऊकच नव्हती. त्याने वेताची नवी मूठ आपल्या पकडीच्या मापाने तासली, खाच ओली केली, मूठ आत दाबली, सरसाला हातही न लावता केळीच्या सोपटाने घट्ट बांधलं आणि वरून शेणमातीचा लेप दिला. सरळ पाचर कलम केलं म्हणा ना. बाबा हसायलाच लागले. "अरे येड्या, झाड होय काय ते?" दादा गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं, म्हणून आम्ही सगळेच हसलो.

काही आठवड्यांनी सोपट सोडलं. बाबांनी सांध्यावर नख फिरवलं. मग बॅट उजेडात नेली, पुन्हा फिरवलं. मलाही दाखवली. वेत कुठे संपतो आणि शिवणीचं लाकूड कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. रेषाच नव्हती. मी म्हटलं, मातीने भरली असेल.

भगवंता खेळायला लागला. सुरुवातीला रडतखडत, मायच्या भीतीने. पुढे चांगला खेळू लागला. मग लोक शिदोरी बांधून येऊ लागले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. घरात पुन्हा वाकसाचा आवाज ऐकू येऊ लागला, वकिलांच्या मोटारी येऊ लागल्या, मायने चेंडूंची टोपली भरली.

पहिल्यांदा खटकलं ती शीळ. भगवंताच्या पुढच्या दोन दातांत फटच नव्हती, त्याला कधी शीळ घालता आली नव्हती. मी म्हटलं, शिकला असेल. मग माझ्या ताटातला गूळ नाहीसा झाला. मग त्याने बांधलेले डोळे वाळायला लागले, एकेक करून, ओळीच्या ओळी. मी त्याला रोपांकडे नेलं तर हात खिशात घालून उभा राहिला आणि म्हणाला, "मले काय समजते त्यातलं, जये?"

मी त्याला तिथेच सोडून घरी आले. माय मात्र फुलून आली होती. तिने एकदा चुकून "सहदेवा" अशी हाक मारली. त्याने ओ दिली. नंतर ती चुकून मारीना.

मी बाबांना गाठलं. ते रोपांत बसले होते. त्यांनी एका रोपाच्या बुडाशी बोट लावलं. डोळा बांधलेल्या जागेच्या खालून हिरवीगार फूट निघाली होती.

"हे पानसोट. खालच्या जंबेरीचं. पायलं तं बरं वाटते, काय जोमात आलं म्हून. पन टायमावर नाई मोडलं तं वरचं संतरं वाळून जाते." मग म्हणाले, "झाड जित्तंच रायते. लोकाईले समजतबी नाई."

"मंग मोडा ना बाबा! काहून बसून राहिले?"

"कोन्या हातानं मोडू पोरी? दोनी माहेच होत."

"भगवंता जित्ता होता बाबा. दादा नव्हता."

ते पुढच्या रोपाकडे सरकले. मी तिथून उठले ती रागानेच.

चैत्रातली दुपार. माय आणि बाबा बाजारात फुलं घेऊन गेले होते. तो खाटेवर झोपला होता. मी आरी घेतली, बॅट पडवीत आडवी ठेवली, गुडघ्याने दाबली आणि सांध्याची जागा अंदाजाने धरून कापायला लागले.

भुसा पडला नाही. आरीला ओल लागली.

मी बोट लावलं. चिकट होतं. जंबेरीची फांदी मोडल्यावर येतो तसा आंबट, हिरवा वास आला. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड होतं ते.

मी पुन्हा आरी ओढली.

"ताई."

तो दारात उभा होता. मान खाली, एका हाताने दुसरं मनगट धरून, लहानपणी काटा रुतला की उभा राहायचा तसा. कित्येक दिवसांत मला कुणी ताई म्हटलं नव्हतं.

"ताई, नको करू. दुखते."

"भगवंता?"

"लय दुखते वं ताई."

मी आरी फेकली आणि धावत जाऊन त्याला मिठी मारली. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी त्याचं नाव घेत राहिले, किती वेळ ते माहीत नाही. मग माझ्या कानाशी शीळ वाजायला लागली, हळू, दातांतून.

त्यानंतर त्या घरात मला ताई म्हणणारं कुणी उरलं नाही. बॅटीवरचा आरीचा काप बुजत गेला. मी रोज बघायचे. रोज थोडा कमी दिसायचा.

भाद्रपद आला. दादाला वर्ष झाल्यानंतरचा तो पहिला पितृपक्ष. लग्न न झालेल्यांचं पान पंचमीला घालतात, तसं दादाचं घालायचं होतं. सकाळपासून माय चुलीपुढे होती. मी पान वाढायला गेले आणि थांबले. तिने आंबाडीची भाजी केली होती, ज्वारीच्या कण्या केल्या होत्या. दादा आंबाडीला तोंड लावत नसे. ती भगवंताला आवडायची, दोन्ही वेळा दिली तरी खायचा.

मी मायकडे पाहिलं. ती चुलीतला जाळ सारखा करत राहिली.

"वाढ," एवढंच म्हणाली.

बाबांनी पान उचललं आणि गोठ्याच्या टिनावर नेऊन ठेवलं. पाण्याचा हात फिरवला. हात जोडून उभे राहिले.

"ये बाप्पा भगवंता," ते म्हणाले. "ये. जेवून घे."

कावळा लगेच आला.

इकडे ओट्यावर माझ्याजवळ तो बसला होता, पायात बूट चढवत. दुपारी सामना होता. त्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली, देवाशपथ शोधली. ती नव्हती.

"जये," त्याने विचारलं, "हा भगवंता कोन होय वं?"